टेकाडावरचा सझाक

बोस्सान वहिनी आमच्या घरात आली ती हिवाळ्याच्या तोंडावर, पांढऱ्या उंटिणीवर बसून. आहेरात तिच्याबरोबर एक गालिचा, दोन रजया आणि राख ओळखायची अक्कल एवढं आलं. गालिचा मी उलटा करून पाहिला, त्याच्या गाठी तपासल्या आणि नाक मुरडलं. नणंद होते, नाक मुरडणं माझं कामच होतं. राखेचं मात्र कळायला मला चार महिने लागले.

सझाक हे आमच्या वाळवंटातलं झाड. त्याची राख सगळी सारखी नसते. उभ्या उभ्या वाळून मेलेल्या झाडाची राख पांढरी, पिठासारखी मऊ. तिनं लोकर धुतली की तेलकटपणा जातो, केस धुतले की आठ दिवस डोकं हलकं राहतं. जिवंत झाड मोडून जाळलं तर राख करडी पडते आणि बोटांना चिकटते. वहिनी तंदुरातली चिमूटभर राख चोळायची आणि म्हणायची, "हे लाकूड अजून मरायचं होतं गं, मायसा. कुणी आणलं?" हे ती मला सांगायची, तेही कुजबुजत. आमच्या बाबांना ती काहीच सांगू शकत नव्हती.

सासऱ्यासमोर सुनेनं बोलायचं नाही, ही आमची रीत. डोक्यावरच्या रुमालाचं टोक दातांत धरायचं, त्याला याशमाक म्हणतात, आणि ते टोक दातांत आहे तोवर बाई मुकी. काही घरांतल्या सुना चतुर असायच्या. सासऱ्याच्या कानावर जाईल अशा बेतानं शेळीला सांगायच्या, "ए शेळे, घरातलं मीठ संपलंय बरं का!" आणि दुसऱ्या दिवशी मीठ यायचं. वहिनीचं माहेर मात्र फार कडक. सुनेचा आवाजच सासऱ्याच्या कानी पडता कामा नये, ही तिच्या आजीची शिकवण. बाबा घरात असले की ती खोकायलासुद्धा बाहेर जायची. पाच-सहा वर्षांनी, एखादं मूल झालं की सासू चार बायकांना जेवायला बोलावते आणि सुनेचं तोंड मोकळं करते. तो मान सासूचा. आमची आई त्याआधीच गेली.

माझा भाऊ तागान वर्षातले नऊ महिने सरकारी कळपाच्या मेंढ्या घेऊन लांब असायचा. लग्नाला चार वर्षं झाली होती आणि वहिनीची मुलगी सेल्बी आठ महिन्यांची होती. तेव्हा त्या घरात सुनेची जीभ म्हणजे मी. मीठ संपलं, मी सांगायचं. पोरीला ताप आलाय, मी सांगायचं. मी सतरा वर्षांची होते आणि या कामाचा मला भारी तोरा होता.

बाबांना सगळे गार्ली आगा म्हणत. आमच्या वस्तीचं नाव स्युजी, म्हणजे गोड; विहिरीच्या पाण्यावरून पडलेलं. आजूबाजूला दोन-दोन दिवसांच्या वाटेवर ज्या विहिरी होत्या त्यांचं पाणी असं की उंटानंसुद्धा तोंड वाकडं करावं. आमच्याकडे आलेला पाहुणा चहाच्या आधी नुसतं पाणी मागायचा. विहीर चाळीस पावलं खोल. आतून भिंतीला सझाकाच्या फांद्यांचा विणलेला वेढा, माझ्या पणजोबांच्या हातचा. हे लाकूड पाण्यात दगडासारखं बुडतं, पण सहजी कुजत नाही. विहिरीच्या पश्चिमेला वाळूचं मोठं टेकाड होतं आणि टेकाडाच्या माथ्यावर एकच म्हातारा सझाक. पिळवटलेला, अर्धाअधिक वाळलेला, उन्हाळ्यात धड सावलीही न देणारा. पण त्याची मुळं सगळ्या टेकाडात गेलेली. तो उभा होता म्हणून टेकाड जागेवर होतं, आणि टेकाड जागेवर होतं म्हणून विहीर होती. वस्तीतल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक होतं.

बाबा सझाकाचे जाणकार. या झाडावर कुऱ्हाड चालवत नाहीत, धार जाते आणि खांदे निखळायची वेळ येते. मेलेलं खोड दोर लावून पाडायचं, मग दुसऱ्या खोडावर आपटून फोडायचं. दिसायला लोखंड, पण आपटलं की मडक्यासारखं फुटतं. झाड मेलंय की जिवंत आहे ते बाबा कुऱ्हाडीच्या पाठीनं ठोकून ओळखायचे. जिवंत खोड ठप्प बोलतं, मेलेलं खणखणतं. डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यापासून तर ते कानांवरच चालायचे. "डोळे गेले तर गेले," म्हणायचे, "झाडं देखणी आहेत की नाहीत ते मला कुठं सांगायचंय!" जन्मात त्यांनी जिवंत झाड मोडलं नव्हतं. दुसऱ्या कुणी मोडलेलं कळलं तर त्याच्या घरचा चहा घेत नसत.

आईच्या वर्षाला पंधरा दिवस उरले होते तेव्हा पलीकडच्या वस्तीतून दोन बायका आल्या. वर्ष भरायच्या आत मागणी घालत नाहीत, पण पाहून जायला कोण अडवतंय? उंटिणीचं आंबट दूध झालं, चहा झाला, माझं उठणं-बसणं पाहून झालं. बाबा दाराशीच बसलेले, उठायचं नाव नाही. थोरल्या बाईनं वहिनीला विचारलं, "काय गं सूनबाई, नणंद कशी आहे तुझी? हाताला वळण आहे का?"

वहिनीच्या दातांत रुमाल. तिनं जोरजोरात मान हलवली, हसली, मी विणलेल्या पट्ट्याकडे बोट दाखवलं. त्या बाईला काय समजायचं ते ती समजली. बाहेर पडताना दुसरीला म्हणाली, "घरच्या भावजयीला चांगले दोन शब्द सापडेनात, म्हणजे पोरीत काहीतरी खोट असणार." मला ऐकू जाईल असंच म्हणाली. त्यांचा मुलगा मी एकदा मेंढ्या कातरताना पाहिला होता आणि मला तो हवा होता. सरळ सांगते, आता लाजायचं वय राहिलेलं नाही.

दोन दिवस मी जेवले नाही. वहिनी ताट घेऊन मागे मागे. "मायसा, मामंजी समोर होते गं. मी काय करणार होते?"

"काही नको करू. तू माझ्यासाठी तोंड उघडलं नाहीस ना? आता मीही तुझ्यासाठी नाही उघडणार. काय सांगायचं ते शेळीला सांग!"

ती आधी हसली, मग मी खरंच बोलतेय असं पाहून ताट घेऊन आत गेली.

त्याच आठवड्यात तो विचित्र पाऊस झाला. पडता पडता गोठला. उंटांच्या पाठी कडक झाल्या, दोर काठीसारखे उभे राहिले, सगळं रान बर्फात लिंपून निघालं. घरातलं सरपण संपत आलं होतं आणि आईच्या वर्षाला चाळीस घरांच्या रोट्या भाजायच्या होत्या. एरवी अर्ध्या दिवसाच्या वाटेवर मेलेला सझाक हवा तेवढा मिळायचा, पण मागच्या दोन वर्षांत शहरातल्या विटांच्या भट्ट्यांच्या लॉऱ्या येऊन सगळं ओरबाडून घेऊन गेल्या होत्या. शेजाऱ्यांनी बाबांना शेणाच्या गोवऱ्या देऊ केल्या.

"तिनं आयुष्यभर सझाकावर रोटी भाजली," बाबा म्हणाले, "आणि तिच्या नावाची रोटी मी शेणावर भाजू? अजून एवढा काही मेलो नाही मी."

संध्याकाळी जेवताना त्यांनी सांगितलं, "टेकाडावरचा गेला. आज ठोकून पाहिला, चारही बाजूंनी खणखणतोय. या थंडीनं घेतला म्हाताऱ्याला. मेलेलं झाड वाळू धरत नाही, उलट वारा त्याच्या बुडाशी उकरत बसतो. तीन दिवसांनी काढू. तिच्याच रोटीच्या कामी येईल, त्यालाही बरं वाटेल." अर्धी रोटी त्यांनी तशीच बाजूला ठेवली. ते झाड त्यांनाही सोपं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनी मला घरामागं घेऊन गेली. तिच्या मुठीत एक काडी होती. मोडून तिनं माझ्यापुढे धरली. आत केसाएवढी हिरवी रेघ.

"ओली आहे," ती कुजबुजली. "झाड जिवंत आहे, मायसा. वसंतात खालच्या अंगाला फुटलं होतं, मी सेल्बीला घेऊन तिथं बसायचे ना, मी पाहिलंय. गोठलेलं लाकूड मेल्यासारखंच वाजतं. मामंजींना सांग."

"सांगीन."

"आज सांग."

"सांगीन म्हटलं ना! डोकं नको खाऊस."

मी सांगितलं नाही. विसरले नव्हते. संध्याकाळी बाबांपुढे रोटी ठेवली, चहा ओतला, वहिनी पडद्याआडून माझ्याकडे बघत होती हेही मला दिसत होतं. मला वाटलं, अजून दोन दिवस आहेत, उद्यापर्यंत तळमळू दे जरा. तोंड बंद ठेवलं की दुसऱ्याचं काय होतं ते कळू दे तिलाही. एवढाच विचार होता. याहून मोठं पाप डोक्यात नव्हतं, आणि हे सांगून काही हलकं होत नाही.

सकाळी आभाळ उघडलं. ऊन पडलेलं पाहून बाबांनी तीन दिवसांची वाट पाहिली नाही. वहिनीनं मला गदागदा हलवलं. "उठ! मामंजी उंट आणि दोर घेऊन निघाले. तू सांगितलंस ना?"

मी रजई डोक्यावर ओढली. वहिनी तशीच पळत गेली.

मी शाल गुंडाळून बाहेर आले तेव्हा ती टेकाडाच्या माथ्यावर पोचली होती. बाबांनी झाडाला दोर बांधला होता. वहिनी झाडाला पाठ लावून हात पसरून उभी राहिली, रुमाल दातांत घट्ट. बाबा म्हणाले ते थंड हवेत खालपर्यंत ऐकू आलं. "अगं पोरी, तू कशाला आलीस एवढ्या थंडीत? मी एकटा पुरेसा आहे. जा, पोर रडत असेल." तिनं काडी मोडून त्यांच्या हातात दिली. बाबांच्या हातांत मेंढीच्या कातड्याचे जाड मोजे, डोळ्यांसमोर धुकं. त्यांनी काडी परत केली. "हो, हो, चुलीला लागतीलच बारीक काड्या. वेचून घे खालच्या." तिनं दोर धरला. त्यांना वाटलं, म्हाताऱ्याचं काम आपण करू म्हणतेय. त्यांनी हसून तिच्या हातातून दोर सोडवला आणि तिला बाजूला सारलं.

मी टेकाडाच्या पायथ्याशी होते. मी एक हाक मारली असती तर त्यांना ऐकू गेली असती. पण हाक मारली असती तर कालच का सांगितलं नाहीस, हे विचारलं गेलं असतं. मी गप्प राहिले. उंटानं चार पावलं टाकली, खोड बुडातून मोडलं आणि अर्धं मूळ वाळू फोडून वर आलं.

बाबा वाकले. एक मोजा काढून त्यांनी मोडलेल्या जागी हात लावला. मग तो हात नाकाशी नेला. आणि ते तिथंच वाळूत बसले. वहिनी त्यांच्यापासून दहा पावलांवर बसली, तोंड दुसरीकडे करून. उंट तेवढा उभा होता.

झाड काही परत लावता येत नाही. आईच्या वर्षाच्या रोट्या त्यावरच भाजल्या. तंदुरातून धूर येत होता, आणि सझाकाला धूर येतो तो कशामुळे हे माहीत नसलेलं एकही माणूस त्या दिवशी अंगणात नव्हतं. लोकांनी रोटी मटणाच्या रश्शात कुस्करून खाल्ली, आईसाठी हात वर करून दुवा मागितली आणि घरी गेले. वहिनीनं राख काढली. करडी होती. तिनं ती लोकर धुवायला ठेवली नाही, लांब नेऊन पुरली.

संध्याकाळी बाबांनी मला जवळ बोलावलं. "मायसा, खरं सांग. सूनबाईनं तुला या झाडाचं काही सांगितलं होतं का?"

"नाही, बाबा."

पडद्यापलीकडे वहिनी सेल्बीचा पाळणा हलवत होती. तो थांबला. मग पाळणा पुन्हा हलायला लागला, पहिल्यासारखाच.

"मग तिला आयत्या वेळी कळलं असेल," बाबा म्हणाले. "बिचारी सांगायला आली होती आणि मी तिला काड्या वेचायला लावल्या. काय कान, काय डोळे! चुलीत घाला मला."

त्यानंतर टेकाड चालायला लागलं. पहिल्या वसंतात नुसती वाळूची पातळ जीभ विहिरीच्या कट्ट्यापर्यंत आली. आम्ही झाडून काढली. दुसऱ्या वसंतात कट्टा बुडाला. बाबांनी फांद्यांची कुंपणं घातली. वाळू आधी कुंपणाशी थबकायची, मग त्याला पोटात घेऊन पुढे यायची. वहिनीनं शरद ऋतूत लांबवरून सझाकाचं बी आणलं, त्या पंखांच्या गुलाबी चकत्या, आणि टेकाडाच्या अंगावर पेरल्या. पाच रोपं वर आली. ती सशांनी खाल्ली. पुढल्या वर्षी दोन आली, ती वाऱ्यानं उघडी पाडली. झाडाला मोठं व्हायला वीस वर्षं लागतात, आणि आमच्याकडे वीस वर्षं नव्हती.

बाबा मला म्हणायचे, "यंदा मेंढ्या परतल्या की आत्याला बोलावू. आईच्या जागी तीच जेवण घालील आणि सुनेचं तोंड मोकळं करील. बास झाली ती रीत. मला तिचा आवाज ऐकायचाय." मी वहिनीला हे सांगितलं तेव्हा तिचे डोळे भरले होते. पण मेंढ्या परतल्या की वाळू वाहायचं काम असायचं. जेवण राहिलं.

तिसऱ्या वसंतात विहिरीत वाळू गेली. मेंढ्या विण्याचे दिवस, म्हणून पुरुष सगळे रानात होते. आठ दिवसांत कळप पाण्यावर येणार होता आणि मोटेला पाण्याऐवजी चिखल लागत होता. विहीर उपसायला तागान येईपर्यंत थांबा, असं मी बाबांना म्हटलं, शेजारच्या म्हाताऱ्यानंही म्हटलं.

"झाड कुणी मोडलं?" बाबांनी विचारलं. "मी. मग वाळू कुणी काढायची?"

ते दोराच्या फासात पाय घालून उतरले. उंटाची वेसण वहिनीनं माझ्या हातात दिली. मोट भरली की बाबा दोर दोनदा ओढायचे, मी उंटाला विहिरीपासून लांब चाळीस पावलं चालवत न्यायचे, वहिनी काठावर मोट रिकामी करायची, आणि मी परत फिरायचे. सकाळपासून दुपारपर्यंत हेच. एकदा मला विश्रांती हवी होती म्हणून मोट खाली सोडून मी दोरात तेवढी ढील ठेवली आणि उंटाला लांब, खुरट्या काटेरी झुडपापाशी नेऊन उभा केला.

तेव्हाच वहिनीला दिसलं. पश्चिमेच्या अंगाला पणजोबांच्या विणलेल्या फांद्यांचं पोट फुगलं होतं आणि फटींतून वाळू गळत होती, पाण्यासारखी, आवाज न करता.

"वर या! भिंत सुटली! फासात पाय घाला, वर या!"

मी ती किंकाळी ऐकली आणि मागे वळून कोण आलंय ते शोधायला लागले. सात वर्षं एका घरात राहून तिचा मोठा आवाज मीही कधी ऐकला नव्हता. तिथं वहिनीशिवाय कुणी नव्हतं. ती काठावर पालथी पडली होती आणि रुमाल तिच्या तोंडातून सुटून विहिरीत लोंबत होता.

तळाशी बाबांनी फावडं थांबवलं. हे पुढचं तिनंच मला सांगितलेलं. त्यांनी वर पाहिलं. फासात पाय घातला नाही, दोर ओढला नाही. मोतीबिंदूच्या डोळ्यांना वर उजेडाचा गोल तेवढा दिसत असणार, आणि त्यातून एक बाई ओरडत होती जिचा आवाज त्यांनी जन्मात ऐकला नव्हता.

"कोण?" त्यांनी विचारलं. "कोण आहेस गं तू?"

"मी! मी बोस्सान!"

मग ती माझ्या नावानं ओरडली आणि मी उंट हाकलला. उंट सहज चालला. दोर हलका आला.

संध्याकाळी शेजारचा म्हातारा आणि दोन मेंढपाळ आले, दुसऱ्या दिवशी तागान आला. त्यांनी दोन दिवस उपसलं, पण जेवढी वाळू वर यायची तेवढीच बाजूनं आत यायची. तिसऱ्या दिवशी मुल्लानं काठावर उभं राहून प्रार्थना म्हटली आणि विहीर बाबांकडे सोडून दिली. त्या उन्हाळ्यात स्युजी उठली. चाळीस घरं, कुणी कालव्याकडे गेलं, कुणी रेल्वेकडे. आम्ही कालव्याच्या गावात आलो. तागान कापसाच्या गोदामावर राखणदार झाला. दोन वर्षांनी माझंही लग्न झालं, चांगल्या माणसाशी, चांगल्या घरात. ठरवायला आलेल्या बायकांना वहिनीनं माझ्याबद्दल इतकं चांगलं सांगितलं की मलाच ओळखू येईना कुणाबद्दल बोलतेय.

सासरा गेल्यावर तिचं तोंड मोकळंच झालं. ती बोलायची, हसायची, सेल्बीला रागवायची. पण सगळं हळू आवाजात. मोठ्यानं बोललेली मी तिला पुन्हा ऐकली नाही. भाजीवाल्यालासुद्धा ती हाक मारत नसे, उठून त्याच्या गाडीपर्यंत जायची. गॅसच्या शेगडीवर रोटी करायची आणि एकही रोटी स्वतः धड खायची नाही. "चव नाही गं," एवढंच.

मागच्या हिवाळ्यात ती सेल्बीकडे अंथरुणाला खिळली. तागान जाऊन सहा वर्षं झाली होती. मी रोज दुपारी जाऊन बसायचे. एके दिवशी सेल्बी बाजारात गेली होती. पन्नास वर्षं जे कुणालाच सांगितलं नव्हतं ते मी बाहेर काढलं.

"वहिनी, मी बाबांना सांगितलं नव्हतं."

"काय?"

"झाडाचं. तू काडी दाखवलीस ते. मी मुद्दाम नाही सांगितलं. आणि नंतर त्यांनी विचारलं तेव्हा खोटं बोलले."

"अगं, ते होय." ती म्हणाली. "ते तर मला त्याच सकाळी कळलं. तू तोंडावर रजई ओढलीस ना, तेव्हाच."

"मग कधी बोलली का नाहीस? बाबांना नाही, पण तागानला तरी सांगायचंस. नवरा होता तुझा."

"तुझं लग्न व्हायचं होतं, मायसा."

मी रडायला लागले. म्हातारी बाई मोठ्यानं रडते ते फार वाईट दिसतं, पण मला थांबता येईना. तिनं माझा हात धरून ठेवला. तिचा हात काडीसारखा झाला होता, आणि गरम. मी शांत झाल्यावर ती म्हणाली, "मी एक विचारू का? मी आपलं नाव सांगितलं ना, ते मामंजींना ऐकू गेलं असेल का गं? कोण हाक मारतंय ते त्यांना कळलं असेल का?"

मी तेव्हा विहिरीपासून लांब होते, उंटाच्या मानेशी. मला "कोण?" हेही ऐकू आलं नव्हतं. आणि मी कुठं होते ते तिला माझ्याइतकंच माहीत होतं.

"गेलं, वहिनी," मी म्हटलं. "मी ऐकलं ना. 'बोस्सान' म्हणाले ते. दोनदा म्हणाले."

ती बराच वेळ माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. मग तिनं मान हलवली. "हां," म्हणाली, "सांगितलंस ते बरं केलंस."